फॉर्मवरची सही

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. माझी बायको ऑक्सिजनच्या मशीनवर होती. घरातला सिलिंडर दोन तास पुरला. दुपारी तीन वाजता ती वारली.

पाचव्या दिवशी कॉलनीच्या तोंडाशी तिच्या फोटोचा डिजिटल फलक लागला. फोटो भाच्याच्या लग्नातला होता. शेजारी मी उभा होतो. मला कापून टाकलं होतं, पण खांदा राहून गेला होता. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘वीज कंपनीच्या बेफिकिरीचा बळी’. त्याखाली कृती समिती, आणि समितीतल्या सगळ्यांची नावं. ही समिती कॉलनीतल्या दूध डेअरीच्या मालकांनी काढली होती. त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

“सोमवारी मोर्चा हाय, सर. काकींचा फोटो पुढं, फोटोमागं तुम्ही. बोलायचं काम आमचं. तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा.”

मी मान हलवली. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केल्यावर माणसाला मान हलवायची सवय लागते.

त्यांना माहीत नव्हती अशी एक गोष्ट मला माहीत होती. वीज कंपनीच्या कचेरीत आमच्या घराचा एक फॉर्म होता. घरात वैद्यकीय उपकरण आहे का, या प्रश्नापुढे त्यावर ‘नाही’ लिहिलं होतं. खाली माझी सही होती. मी गप्प राहिलो तर माझी बायको कंपनीचा बळी ठरणार होती, आणि कॉलनी तिचं नाव आदरानं घेणार होती. बोललो तर तिचं नाव काय होईल, हे मला कळत नव्हतं. सोमवार दोन दिवसांवर होता.

आम्ही कसबा बावड्याच्या कडेला प्लॉट घेतला तेव्हा तिन्ही बाजूंना ऊस होता. हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा वास घरात भरून राहायचा. कंपनीनं वीसेक घरांच्या हिशेबानं ट्रान्सफॉर्मर बसवला. पुढे ऊस गेला, बंगले आले, बंगल्यांवर मजले चढले. मजल्यांवर एसी आले, खाली चार्जिंगला लावलेल्या स्कूटर आल्या. डेअरीत दोन मोठे फ्रीझर आले. ट्रान्सफॉर्मर तोच राहिला. संध्याकाळी सात वाजले की ट्यूब फडफडायच्या आणि मिक्सर रडायचा.

बायकोची पिठाची गिरणी होती, घराच्या पुढच्या खोलीत. माझ्या पगारातून प्लॉट झाला, घर झालं ते गिरणीतून. वीस-बावीस वर्षं ती रोज पिठात उभी होती. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात तेच बसलंय. तिला ते कधी पटलं नाही. “पिठानं कुणी मरतंय व्हय? जग भाकरी खातंय की,” असं ती म्हणायची. पण गिरणी बंद करावी लागली, आणि तिच्या जागी ऑक्सिजनचं मशीन आलं. फ्रीजच्या निम्म्या उंचीचं, दिवसभर घरघरणारं. नाकात नळी घालून ती दारातल्या खुर्चीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची.

विजेचा दाब उतरला की ते मशीन शिट्टी वाजवायचं. मग बंद पडायचं. इन्व्हर्टर होता, पण अशा विजेवर त्याची बॅटरी कधी पुरती भरत नसे. संध्याकाळी तास-दोन तास मी सिलिंडर लावायचो. म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर कॉलनीत कुणाला हवा असेल तर सगळ्यांत आधी आम्हाला.

कॉलनीनं अर्ज केला. कंपनीचं उत्तर आलं की, तुमच्या बिलांवर जो मंजूर भार लिहिला आहे, त्याच्या कितीतरी पट वापर तुम्ही करता. प्रत्येक घरानं खरा भार लिहून द्यावा, वाढीव भाराचे पैसे भरावेत. त्या बेरजेवर मोठा ट्रान्सफॉर्मर मंजूर होईल.

गणपतीच्या देवळात बैठक झाली. मी तिला हात धरून नेलं. तिनं छोटा सिलिंडर पिशवीत घालून मांडीवर घेतला होता. इतकी चिडलेली माणसं मी एका जागी पाहिली नव्हती. कुणी म्हणालं, आमदाराच्या बंगल्यापुढं नवी केबल फुकट पडली. कुणी म्हणालं, विजेची चोरी दुसरीकडं आणि वसुली आमच्याकडं. स्मार्ट मीटरचा विषय निघाला आणि दोघं-तिघं एकदम उठून उभे राहिले. डेअरीवाल्यांनी खिशातून स्वतःचं बिल काढलं आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचली. वहन आकारापाशी थांबले.

“हे काय हाय? वीज वाहून आणायचं पैसं. दर महिन्याला देतोय की न्हाय? मग आता ट्रान्सफॉर्मर काय आम्ही डोक्यावर वाहून आणायचा?”

देऊळ हसलं. मीही हसलो असेन.

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात चूक शोधणं मला जड गेलं. बिल आम्ही भरत होतो. तरीही मला त्यांचा राग येत होता. ग्रंथालयात मी हेच पाहत आलो होतो. पुस्तक सगळ्यांना हवं असतं. अनामत भरा म्हटलं की, आमच्याच फीमधून घेतलेलं पुस्तक आम्हालाच भाड्यानं देता का, असं विचारणारे येतात. मी बोललो असतो तर एवढंच बोललो असतो, की संध्याकाळी सात वाजता जे मशीन शिट्टी वाजवतं ते कुणाच्या बापाचं नाही, माझ्या बायकोचं आहे; पैसे भरू आणि मोकळे होऊ. वाक्य मनात तयार होतं. तेवढ्यात तीच बोलली. बसूनच, दर तीन-चार शब्दांना थांबत.

“एक रुपया... द्यायचा न्हाय. आणि खरं... सांगायचं न्हाय. मी एकदा सांगितलं... अजून भोगतोय.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिला सगळ्यांत जास्त गरज होती तीच नको म्हणत होती, त्यामुळे विषयच संपला.

तिनं एकदा खरं सांगितलं होतं ते असं. गिरणी नवी असताना घराच्याच मीटरवर, घरगुती दरात चालायची. तिनं स्वतः कचेरीत जाऊन विचारलं, असं चालतं का. तिथला माणूस गोड बोलला, म्हणाला, बाई, लिहून द्या, बघतो. तिनं लिहून दिलं. महिन्याभरात पथक आलं आणि तिच्याच कागदाच्या आधारे मागच्या सगळ्या महिन्यांचा दंड लावून गेलं. तो भरायला तिनं पाटल्या विकल्या. शेजारची गिरणी तशाच घरगुती मीटरवर पुढे कित्येक वर्षं चालली. त्या बाईनं काही लिहून दिलं नव्हतं. माझ्या बायकोचं माहेर गगनबावड्याकडचं. तिथं पावसात खांब पडले की आठ-आठ दिवस वीज नसायची. तिच्या चुलत्यांनी गाव गोळा करून खांब उभा केला, आणि पुढच्या महिन्यात अंधाराच्या दिवसांचंही बिल आलं. हे ती कुणालाही सांगायची. कंपनी म्हणजे तिच्या लेखी एक माणूस होता, आणि त्या माणसाशी तिचं वैर होतं.

घरी आल्यावर मी म्हणालो, आपली गोष्ट वेगळी आहे. ती म्हणाली, वेगळी कशी? मी आजारी हाय म्हणून ते दंड माफ करणार हायत व्हय? आमच्यात भांडण व्हायचं ते असंच. ती बोलायची आणि मी पुस्तक उघडायचो.

कंपनीनं तपासणीचा दिवस कळवला. घरोघरी माणूस येऊन काय काय चालतं ते फॉर्मवर लिहिणार, घरमालकाची सही घेणार. समितीनं मोबाईलवर निरोप फिरवला की, ज्यानं जास्त लिहिलं त्याच्या बोकांडी जास्त बसणार. त्या सकाळी मी दूध आणायला बाहेर पडलो तर सगळी कॉलनी चादरींनी झाकली होती. एसीचे बाहेरचे डबे, भिंतीवरचे गिझर, चार्जिंगच्या स्कूटर, सगळ्यांवर चादरी. डेअरीत फ्रीझरवर सतरंजी टाकून वर रिकामी क्रेट रचली होती. आठवडाभर टँकरनं पाणी चाललेलं, आणि दारोदार धुणं.

आमच्या घरीही तिनं मला जुनं सोलापुरी पांघरूण काढायला लावलं. मी मशीन बंद केलं, भिंतीकडे सरकवलं, पांघरूण घातलं, वर पितळी समई आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. हे मी केलं. माझ्या हातांनी केलं. तिनं नाकातली नळी काढून उशीखाली लपवली, पदर नीट केला आणि खुर्चीवर ताठ बसली.

कंपनीचा माणूस पंचविशीतला होता, घामाघूम झालेला. दारातच म्हणाला, “काय ओ काकी, आज अख्ख्या कॉलनीनं एकाच दिवशी धुणं काढलंय?”

“पाणी आलं... तवा धुवायचं की, पावणं. बसा.”

तिला एवढं बोलायलाही दम लागत होता. म्हणून ती हसून वेळ काढत होती. त्यानं दिवे लिहिले, पंखे लिहिले, फ्रीज लिहिला. मग म्हणाला, घरात कुणी आजारी, मशीनवर वगैरे आहे का? तशी वेगळी नोंद करतो आम्ही. असलं तर वीज बंद करायच्या आधी फोन येतो, आणि दुरुस्तीला तुमच्या भागाचा नंबर आधी लागतो.

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांच्या कडा निळसर व्हायला लागल्या होत्या. ती त्याच्याकडेच बघत होती.

“न्हाय,” ती म्हणाली. “आम्ही दोघंच. धडधाकट.”

त्यानं लिहिलं. पेन माझ्यापुढे धरला. मी सही केली. ग्रंथालयात दिवसाला शंभर सह्या करायचो, तशी, न अडखळता. तो चहा न घेता गेला. दार लावून मी मशीन सुरू केलं तेव्हा ती दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती. श्वास जागेवर आल्यावर पहिलं काय बोलली, तर, “बघितलंसा? कळलं का त्याला?” तिला जिंकल्याचा आनंद झाला होता. तो आनंद मी तिच्या तोंडावर फार दिवसांनी पाहिला आणि मला आवडला, हे मी लपवत नाही.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. तपासणीत आढळलेल्या एकूण भारासाठी सध्याचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा आहे, सबब मोठ्या क्षमतेची मागणी मान्य करता येत नाही. कॉलनीनं ते पत्र कंपनीच्या उर्मटपणाचा पुरावा म्हणून देवळाच्या भिंतीला चिकटवलं. त्या पत्रातला आकडा आपण सगळ्यांनी सह्या करून दिला आहे, असं एकही माणूस म्हणाला नाही. मीही नाही. मी देवळासमोरून जाताना दुसरीकडे पाहायचो.

मग उन्हाळा वाढला, सगळे एसी दिवसाही चालू लागले, आणि तो मंगळवार आला.

त्या दिवशीचं फार लिहीत नाही. स्फोटाचा आवाज आला, मशीन बंद पडलं, मी सिलिंडर लावला. कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, घरात रुग्ण आहे अशी नोंद आहे का? मी फोन ठेवला. दुसऱ्या सिलिंडरसाठी रिक्षानं उचगावला गेलो, तिथं गोडाऊनवर थांबावं लागलं. परत आलो तेव्हा शेजाऱ्यांनी तिला गाडीत घातलं होतं. दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले, फुफ्फुसं संपलीच होती. विजेनं गेल्या की आजारानं, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. ते चांगले गृहस्थ आहेत. पण त्यांनी फॉर्म पाहिलेला नव्हता.

सोमवारी मोर्चा निघाला. पन्नासेक माणसं असतील. डेअरीच्या टेंपोवर तिचा फोटो, फोटोला हार, पुढे कर्णा. मी टेंपोमागे चाललो. घोषणांत तिचं नाव येत होतं आणि दर वेळी मला वाटत होतं की ती मागून हाक मारील. रविवारची सगळी दुपार मी ठरवण्यात घालवली होती आणि काही ठरलं नव्हतं. गप्प राहणं सोपं होतं. गप्प राहिलं तर तीही खूश झाली असती. कंपनीशी असलेल्या वैरात मरूनही तिची सरशी झाली असती.

फाटकापाशी एक इंजिनिअर बाई आल्या. तरुण, बारीक आवाजाच्या. हातात फाईल होती. डेअरीवाले कर्ण्यावरून विचारत होते की, घरात आजारी माणूस असताना तुम्ही काय झोपला होता का. बाईंनी त्यांचं पुरतं ऐकून घेतलं. मग फाईल उघडली आणि सरळ माझ्याकडे आल्या.

“आम्ही विचारलं होतं. ही सही तुमचीच आहे का, सर?”

डेअरीवाल्यांनी कर्णा खाली घेतला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. “न्हाय म्हणा. सही कोणबी करतंय.”

ते खरं होतं. मी न्हाय म्हटलं असतं तर चौकशी लागली असती आणि वर्षानुवर्षं चालली असती. मी फॉर्मकडे पाहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. मला एवढंच वाटलं की ती कशी मेली हे जगात फक्त मला माहीत आहे. मी खोटं बोललो तर ते कुणालाच माहीत राहणार नाही. फलकावरची कुणीतरी एक बाई मेली, एवढंच राहील. जी श्वास रोखून खुर्चीवर ताठ बसली होती, ती माझी बायको पुसली जाईल.

“सही माझी आहे,” मी म्हणालो. “मशीन घरात होतं. आम्ही ते झाकलं होतं. तिनं सांगितलं आणि मी झाकलं. त्या दिवशी सगळ्याच घरांनी झाकलं होतं.”

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. ते रागानं आलं. माझा राग त्या चादरींवर होता, त्या टाळ्यांवर होता, आणि खरं म्हणजे तिच्यावर होता. पण ती ऐकायला नव्हती, म्हणून समोरच्यांवर गेला. बाईंनी ते लिहून घेतलं.

टेंपो वळला. परत येताना माझ्याशी कुणी बोललं नाही. कॉलनीच्या तोंडाशी डेअरीवाले खाली उतरले.

“सर, कंपनीनं काकींना मारलं, असं आम्ही म्हणत होतो. तुम्ही तर आज सांगितलंसा की काकींनी स्वतःच... मेलेल्या बायकोची लाज चव्हाट्यावर टाकणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.”

मी घराकडे चालू लागलो. दुसऱ्या दिवशी फलक उतरवला. फोटो मला परत दिला नाही.

आठवड्यात कंपनीची माणसं न सांगता आली. चादरी नव्हत्या. घरोघरी वाढीव भाराच्या नोटिसा लागल्या, आणि प्रत्येक नोटिशीवर लोकांनी माझं नाव वाचलं. उत्तरकार्याला नातेवाईक आले. कॉलनीतून पलीकडच्या घरातल्या शिक्षिका बाई तेवढ्या आल्या, तोंडाला पदर लावून, मागच्या दारानं. त्या म्हणाल्या, तुम्ही बरोबर बोललात. पण आमच्या ह्यांच्यासमोर मी असं म्हणणार नाही. डेअरीतून माझं दूध बंद झालं. माझ्या दारासमोर कचऱ्याची गाडी थांबेनाशी झाली. ती का थांबत नाही हे मी विचारलं नाही. भाजीवालीनं मला विचारलं, “सर, तुम्ही कंपनीकडनं किती घेतलं हो?” तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी कचेरीत जाऊन आमचा फॉर्म नव्यानं भरला. गिझर, मोटर, इन्व्हर्टर, जे आहे ते सगळं लिहिलं. वैद्यकीय उपकरणाच्या रकान्यापाशी थांबलो. आता तिथं ‘नाही’ लिहिणं खरं होतं. तेही लिहिलं. वाढीव पैसे भरले. खिडकीतल्या माणसानं पावती दिली आणि विचारलं की, तुमच्या कॉलनीतले बाकीचे कधी येणार. मी म्हणालो, येणार नाहीत.

ते आले नाहीत. नोटिसांविरुद्ध समिती ग्राहक मंचात गेली आहे. निकाल लागेपर्यंत मंजूर भार जुनाच धरला जाईल, असं ठरलं आहे.

जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा दुसरा बसवला आहे. कॉलनीतली दोन घरं माझ्याशी बोलतात. घरात मी एकटा आहे.